रकाना कोणाच्या सोयीचा? जुन्नर-आंबेगावातून दिसणारा फॉर्मचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी आम्हाला विचारलं, फॉर्मचा कसला आलाय इतिहास? इतिहास म्हणजे शिवनेरी, नाणेघाट, लढाया, तह. फॉर्म म्हणजे तहसील कचेरीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा कागद. प्रश्न रास्त आहे. पण जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, "तुमच्या जमिनीचा कागद कोणता?" तो म्हणेल, "सातबारा." सोयरीक जुळवताना सातबारा, पीककर्जाला सातबारा, भावाभावांत तंटा झाला तरी सातबारा. आणि हा शब्द मुळात काय आहे? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. दोन फॉर्मचे नंबर! आपण आपल्या जमिनीला फॉर्मच्या नंबराने ओळखतो आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. म्हणजे या कागदाला इतिहास असलाच पाहिजे.

फॉर्म भरायला सोपा कसा होतो आणि अवघड कसा होतो, हे आज बघायचं आहे. आम्ही त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव निवडलं, कारण या पट्ट्यात हा प्रश्न दोन हजार वर्षांपासून वेगवेगळ्या रूपांत दिसतो. शिवाय आजही तिथल्या डोंगरकपारीतल्या वाड्यांमध्ये एखादा रकाना चुकला तर त्याची किंमत जमिनीत मोजावी लागते.

सुरुवात लेण्यांपासून करू. जुन्नरच्या चहूबाजूंना शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा असे लेण्यांचे गट आहेत. इसवी सनाच्या अलीकडच्या-पलीकडच्या काही शतकांत ही लेणी खोदली गेली. व्यापाराची वाट नाणेघाटातून वर यायची आणि जुन्नरला पोचायची. लेण्यांमध्ये ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दानलेख कोरलेले आहेत. ते ओळीने वाचत गेलात तर एक गंमत लक्षात येते. बहुतेक लेख एकाच साच्यातले आहेत. दान कोणाचं, तो कुठला किंवा कोणाचा, दान काय दिलं, आणि शेवटी 'हे देयधर्म', म्हणजे धर्मासाठी दिलेलं.

उदाहरणं बघा. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या, पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. नहपान या महाक्षत्रपाचा अमात्य अयम, त्याच्या लेखात राजाचं नाव आहे, स्वतःचं गोत्र आहे, वर्षसुद्धा आहे, ४६. सरकारी माणूस, त्यामुळे त्याचे रकाने दोन-तीन जास्त! पण साचा तोच.

आम्ही याला फॉर्म म्हणतोय ते थोडं ओढूनताणून आहे, हे कबूल. पण यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेला उपयोगी आहे. या साच्यात जे विचारलंय ते प्रत्येक दात्याला तोंडपाठ आहे. माझं नाव काय, मी कुठला, मी काय दिलं. त्यासाठी कोणाकडे चौकशी करावी लागत नाही, कुठलं गणित करावं लागत नाही. परदेशी यवन असो की धान्याचा व्यापारी, दोघांनाही तोच साचा पुरतो. अक्षरं खोदणारा कारागीर वेगळा, त्याचं काम वेगळं. दात्याने फक्त सांगायचं. अर्थात हे दानाचे लेख. रकाना चुकला म्हणून कोणाची भाकरी जात नव्हती. खरी कसोटी लागते ती सरकार आणि शेतसारा मध्ये आल्यावर.

आता एकदम पुढे येऊ. पेशवाईत गावाचा हिशेब कुलकर्ण्याकडे असायचा, मोडी लिपीत. रयत स्वतः काहीच भरत नव्हती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पुणे जिल्हा कंपनी सरकारकडे गेला, आणि नव्या सरकारला प्रश्न पडला की सारा ठरवायचा कसा? त्या कामाला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा पुण्याचा असिस्टंट कलेक्टर लागला. माणूस अभ्यासू होता. त्याने ठरवलं की प्रत्येक शेत मोजायचं, जमिनीची प्रत लावायची, प्रत्येक प्रतीच्या जमिनीत सरासरी पीक किती येतं ते काढायचं, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा, उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे.

कागदावर हे अगदी शास्त्रशुद्ध वाटतं. पण आता त्या रकान्यांसमोर बसा. 'या जमिनीतलं सरासरी पीक.' कोणाला माहीत आहे? पाऊस दरवर्षी वेगळा. 'मशागतीचा खर्च.' बैल घरचे, राबणारी माणसं घरची, बियाणं मागच्या वर्षीचं. खर्चाचा आकडा कुठल्या शेतकऱ्याने कधी मांडलाय? म्हणजे रकाना असा होता की त्याचं उत्तर जगात कोणाकडेच नव्हतं. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही. मग तो भरला गेला. हाताखालच्या नोकरांनी अंदाजाने भरला, कधी लाच घेऊन भरला. १८३० च्या सुमारास ही पद्धत लागू झाली आणि थोड्याच वर्षांत कोलमडली. सारा झेपेना, जमिनी ओस पडल्या.

प्रिंगलची चूक आम्हाला महत्त्वाची वाटते, कारण ती आळशी माणसाची चूक नाही, फार हुशार माणसाची आहे. आपल्याला जे जाणून घ्यायचंय ते समोरच्याला माहीत असणारच, असं धरून त्याने रकाना आखला.

१८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी काम नव्याने सुरू केलं. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात त्यांची पद्धत पक्की झाली. त्यांनी पिकाचा प्रश्नच काढून टाकला. त्यांनी विचारलं, डोळ्यांना काय दिसतं? माती किती खोल आहे, आणि तिच्यात दोष कोणते? शेताचं छोटं रेखाचित्र काढायचं, त्याचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात मातीची खोली हातांत नोंदवायची. हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचा हात, जो सगळ्यांकडे असतो. चुनखडी आहे, वाळू आहे, उतार आहे, पाणी वाहून जातं, पाणी साचतं, अशा प्रत्येक दोषाला एक खूण. एक दोष म्हणजे एक पायरी खाली. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी जमीन म्हणजे सोळा आणे. त्याखाली चौदा, बारा, दहा, असं करत दोन आण्यांपर्यंत. 'सोळा आणे' म्हणजे काय ते बांधावरच्या म्हाताऱ्याला समजवावं लागत नाही.

क्षेत्राचंही तसंच. ३३ फुटांची साखळी, तिचेही सोळा आणे. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज आपण 'दोन गुंठे जागा घेतली' म्हणतो, ते या मोजणीमुळे आपल्या जिभेवर पक्कं बसलेलं माप.

आता कोणी म्हणेल, तुम्ही इंग्रजांचं कौतुक करताय. तसं नाही. सोपा कागद आणि न्याय्य सारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीस वर्षांची मुदत संपल्यावर पुणे जिल्ह्यात फेरआकारणी झाली आणि सारा चांगलाच वाढला, त्याची झळ लोकांना बसली. आमचं म्हणणं एवढंच, की विंगेटच्या कागदावर काय लिहिलंय ते शेताच्या बांधावर उभं राहून पडताळता येत होतं. "इथे दीड हात माती नाही, खणून दाखवा," असं शेतकरी म्हणू शकत होता. प्रिंगलच्या आकड्याशी त्याला भांडताच येत नव्हतं.

याच्या अगदी उलट टोकाचा कागद त्याच काळात त्याच जिल्ह्यात फिरत होता. सावकाराचं खत. लिहिणारा सावकाराचा माणूस, लिपी मोडी, स्टॅम्पचा कागद सरकारी, आणि खाली शेतकऱ्याची निशाणी, नांगर. सही येत नाही म्हणून नांगराचं चित्र. मजकूर काय आहे ते त्याला वाचता येत नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दावा लावायला मुदत घातली, हेतू कुळाच्या रक्षणाचा. पण झालं असं, की मुदत संपत आली की सावकार नवं खत लिहून घ्यायचा, मागचं व्याज मुद्दलात घालून. कोर्टात गेलं की कागद बोलायचा, माणूस नाही.

१२ मे १८७५ ला सुप्याला लोक उठले. त्यांनी सावकारांकडून खतं आणि हुकूमनामे मागितले आणि जाळले. दंगे पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. लक्षात घ्या, राग मुख्यतः कागदावर निघाला. त्याच सुमारास आपल्या या डोंगरपट्ट्यात जांभोरीचा होन्या केंगले सावकारांवर धाडी घालत होता. हा महादेव कोळी समाजातला वजनदार माणूस, १८७६ मध्ये तो पकडला गेला. पुण्याच्या पूर्वेला कुणबी, पश्चिमेला कोळी, दोघांच्या गळ्याभोवती फास एकाच जातीचा होता. आपण न वाचलेल्या कागदावर आपली खूण.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यातली एक तरतूद आजच्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा आणि वाचून दाखवला जावा. साधी गोष्ट. पण यात पहिल्यांदा मान्य झालं, की खाली खूण उमटली म्हणजे माणसाला मजकूर समजला असं होत नाही. समजावून सांगणं हाही कागदाचाच भाग आहे.

आता सातबारा. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचं दप्तर आलं. पुढे अँडरसन या अधिकाऱ्याने गावच्या हिशेबाचे नमुने एका मॅन्युअलमध्ये नीट लावून दिले. नमुना एक आकारबंद, नमुना सहा फेरफार, सात अधिकार अभिलेख, आठ-अ खातं, बारा पिकांची नोंद, असे एकवीस नमुने. एकातला आकडा दुसऱ्याशी जुळलाच पाहिजे. हिशेबाची पद्धत म्हणून ही फार देखणी आहे. आम्ही हे मनापासून म्हणतोय.

पण ती देखणी कोणासाठी? हिशेब तपासणाऱ्यासाठी. ज्याची जमीन आहे त्याला 'पोटखराबा', 'आकार', 'इतर अधिकार' या शब्दांचा अर्थ तलाठ्याला विचारावा लागतो. त्यातला 'इतर अधिकार' हा रकाना बघा. कुळाचं नाव तिथे, सोसायटीचा बोजा तिथे, विहिरीतला हिस्सा तिथे, आणि कितीतरी घरांत बहिणींची नावंही तिथे. बहीण वारस म्हणून भावाच्या बरोबरीची, पण तिचं नाव मुख्य रकान्यात न जाता बाजूच्या रकान्यात गेलं. कायद्याने दिलेला हक्क रकान्याने पातळ केला. कागदाची आखणी ही नुसती सोयीची बाब नसते, ती अशी.

नमुना बाराची पीकपाहणी वर्षानुवर्षं तलाठी करत आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि हा रकाना शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर भरायचा झाला. तत्त्व म्हणून हे अगदी बरोबर आहे. माझ्या शेतात काय आहे ते मला माहीत, मीच सांगणार. पण शेतात उभं राहून फोटो काढायचा, तर आधी स्मार्टफोन हवा आणि तो चालवता यायला हवा. ज्या वाडीत रेंज मिळायला टेकडी चढावी लागते, तिथे सोप्या प्रश्नालाही घाट चढावा लागतो.

आता आम्ही आजच्या सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग, भीमाशंकरच्या बाजूचा, हा महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. खाचरात भात, उतारावर नाचणी, वरई, उन्हाळ्यात हिरडा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली पुष्कळशी जमीन सरकारी कागदावर 'वन' म्हणून लागलेली. डिंभे धरणात काहींची खालची जमीन गेली, तेव्हा वरच्या उताराचं मोल अजून वाढलं. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, नियम १ जानेवारी २००८ ला आले, आणि पहिल्यांदा या लोकांच्या हातात एक फॉर्म आला. वैयक्तिक दाव्याचा नमुना 'अ'. सामूहिक हक्कांसाठी 'ब', आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर सामूहिक वनसंपत्तीसाठी 'क'.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिकडच्या एका वाडीत, देवळाच्या ओट्यावर, हा नमुना भरायला मदत करत बसलो होतो. नाव, नवऱ्याचं नाव, गाव, इथपर्यंत झरझर झालं. लेण्यातला साचाच तो! मग आला रकाना, 'स्वतःच्या कसणुकीखालचं क्षेत्र'. समोरच्या आजी म्हणाल्या, "खालचं खाचर दोन पायलीचं, आन् वर नाचणीचं रान." दोन पायली बियाणं लागतं तेवढं खाचर. त्यांचं उत्तर अचूक होतं. कागदाला मात्र हेक्टर-आर हवे होते. आमच्यातल्या एकाने बांधाबांधाने पावलं टाकून काहीतरी आकडा काढला. तो लिहिताना हात थांबला, कारण आजींच्या बरोबर उत्तराचं आम्ही आमच्या अंदाजात रूपांतर करत होतो. प्रिंगलच्या कारकुनासारखंच!

पुढचा रकाना, पुरावा. त्याच्यापुढे कंसात लिहिलंय, 'नियम १३ पाहा'. नियम १३ त्या कागदावर कुठेच नाही. आजी म्हणाल्या, "कागुद न्हाई बाबा आमच्याकडं." आणि विषय तिथेच संपणार होता. आता गंमत बघा, गंमत कसली, दुःखाची गोष्ट आहे. नियम १३ मध्ये काय आहे? सरकारी कागदपत्रं आहेतच, पण घर, झोपडी, बांधबंदिस्ती, बांधारे असे जमिनीवरचे पुरावेही चालतात, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. असे किमान दोन पुरावे पुरेत. म्हणजे पुरावा आजींच्या डोळ्यासमोर होता. सासऱ्याने रचलेली ताल होती, शेजारी बसलेला ऐंशीचा म्हातारा होता. कायदा उदार होता, रकाना मुका होता. त्या दिवशी आम्ही प्रत्येक फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला ही यादी सोप्या शब्दांत हाताने लिहून दिली. त्यानंतर 'पुरावा नाही' असं एकही माणूस म्हणाला नाही. त्या आठ-दहा ओळी आधीच छापलेल्या असत्या तर?

याच नियमांत म्हटलंय की दाव्याचे नमुने लोकांना सहज आणि मोफत मिळतील हे उपविभागीय समितीने पाहावं. चांगलं आहे. पण कागद सहज मिळणं आणि कागद सहज भरता येणं, यात आजींच्या ओट्याएवढं अंतर आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक शहाणपण आणलं. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर वरच्या समितीने दावा फेटाळू नये, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा. रिकामा रकाना हा गुन्हा नाही, ते अर्धवट राहिलेलं संभाषण आहे, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

आणि शेवटचा एक छोटा फॉर्म. रोजगार हमीचा नमुना चार, कामाच्या मागणीचा. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, केंद्राचा २००५ चा. नमुना चारमध्ये विचारलेलं फार थोडं आहे. कोण, जॉबकार्डाचा नंबर काय, काम कधीपासून कधीपर्यंत हवं. यातलं काहीच बाहेरून शोधून आणावं लागत नाही. पण खरी ताकद त्याच्या जोडीला असलेल्या नमुना पाचमध्ये आहे, तारखेच्या पोचमध्ये. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पोच मिळाली नाही तर मागणी केलीच नाही असं धरलं जातं. म्हणून या डोंगरपट्ट्यात जाणती माणसं अर्ज देताना म्हणतात, "आधी पोच द्या." अर्जापेक्षा पोच महत्त्वाची, हे त्यांना कुठल्या व्याख्यानातून कळलेलं नाही.

तेव्हा मित्रहो, यानंतर तुम्ही कुठलाही फॉर्म तयार कराल, शाळेचा, सोसायटीचा, पतपेढीचा, तर तो छापण्याआधी ज्यांना भरायचाय अशा दोन-चार माणसांसमोर ठेवा. त्यातलं त्यांना तोंडपाठ किती आहे? जे नाही, ते शोधण्याचं काम आपण त्यांच्यावर का ढकलतोय? पायलीचं हेक्टर करायचंय तर ते कचेरीने करावं, तिच्याकडे मोजणीदार आहे. नियम पाहा म्हणायचं असेल तर नियम तिथेच छापावा. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवावं, १८७९ मध्ये जे सुचलं ते आज सुचायला हरकत नाही. आणि शेवटी हातात पोच द्यावी.

आजींच्या दाव्याचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्यांना वनहक्क समितीची पोच मिळाली, तारखेसकट. ती त्यांनी पिशवीत घालून तांदळाच्या कणगीमागे ठेवली. पट्टा आला तेव्हा क्षेत्र त्यांच्या दोन पायलींपेक्षा थोडं कमी भरलं. वरचं नाचणीचं रान अजून कागदावर यायचंय. त्याचा फॉर्म पुन्हा भरावा लागेल, आणि आम्ही या वेळी मोजणीची साखळी घेऊन जाणार आहोत.